नागपुरात डुकाटी स्क्रॅम्बलर: इंजिनचं सोडा, टायरचं बोला

इटालियन गाडी म्हणजे बिघडणारी गाडी, हे सगळ्यात ठासून कोण सांगतो तर ज्याने कधी चालवली नाही तो. माझ्याकडे डुकाटी स्क्रॅम्बलर आयकॉन ही मोटरसायकल आहे, पहिल्या पिढीतली म्हणजे २०१९ च्या अपडेटच्या आधीची, सेकंड हँड घेतलेली. आता नागपूरचे उन्हाळे-पावसाळे काढून झालेत तर म्हटलं लिहून टाकावं, कारण मी घ्यायच्या आधी शोधत होतो तेव्हा सगळे रिव्ह्यू पुण्या-मुंबईचे नाहीतर बंगलोरचे, आणि ते लोक ३४ डिग्रीला "थोडं हीटिंग जाणवतं" म्हणतात. राजेहो, ३४ डिग्री म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारी.

आणि इटालियन गाडी नागपुरात नवीन कुठे आहे? बजाजने १९६० च्या सुमारास पियाजिओच्या लायसन्सवर वेस्पा बनवायला घेतली, १९७२ ला चेतक आली तीही त्याच घराण्यातली, म्हणजे महाल असो की धरमपेठ, आपल्या बापलोकांनी सकाळी सकाळी जी स्कूटर एका बाजूला कलती करून मग किक मारली ती मुळात इटलीचीच. तेव्हा कोणी रिलायबिलिटी विचारली नाही, किक मारत राहिले. आता मात्र डुकाटी म्हटलं की सोसायटीतल्या काकांपासून सगळे मेकॅनिक होतात.

तर आधी ते बिघडण्याचं संपवतो. ही बदनामी जुनी आहे, ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या इटालियन वायरिंगची, ड्राय क्लचच्या खडखडाटाची, वेळेवर न बदललेल्या टायमिंग बेल्टची. डुकाटी २०१२ पासून ऑडीच्या घरात आहे, आणि स्क्रॅम्बलरचं हे ८०३ सीसीचं इंजिन तर डुकाटीच्याच मॉन्स्टर ७९६ वरून आलेलं, एअर कूल्ड, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह म्हणजे झडपा, ७५ हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने साधं आणि जुन्या वळणाचं इंजिन आहे आणि तेच त्याचं चांगलं आहे. रेडिएटर नाही, कूलंट नाही, फॅन नाही, म्हणजे त्यातलं काहीच बिघडू शकत नाही. माझ्या गाडीत सर्व्हिस सोडून इंजिनचं म्हणून काम निघालेलं नाही. दिवाळीनंतर महिनाभर उभी राहिली तरी बॅटरी टेंडर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर, लावून ठेवलेला असल्यामुळे एका सेल्फमध्ये लागली.

सर्व्हिस मात्र समजून घ्यायला पाहिजे, कारण तिथेच पैसे जातात. बाकी गाड्यांत कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते, डुकाटीच्या डेस्मो नावाच्या पद्धतीत बंद करायलाही वेगळा रॉकर म्हणजे दांडी आहे. फाबियो तालिओनी नावाच्या इंजिनिअरने १९५६ मध्ये रेसच्या गाडीत हे बसवलं, जास्त आरपीएमला त्या काळच्या स्प्रिंगा दगा द्यायच्या म्हणून, आणि कंपनीने ते इतकी वर्षं सोडलं नाही. आता कुठे नवीन व्ही४ मल्टीस्ट्राडा आणि नवीन व्ही२ मध्ये परत स्प्रिंगवर आलेत. तर डेस्मोमुळे होतं काय, प्रत्येक व्हॉल्व्हचे दोन क्लिअरन्स म्हणजे फटी मोजाव्या लागतात, एक उघडायचा एक बंद करायचा. स्क्रॅम्बलरला चारच व्हॉल्व्ह असल्यामुळे आठ मापं, पानिगाले व्ही४ वाल्याला सोळा व्हॉल्व्हची बत्तीस, त्याने काय ते बघावं. हे चेकिंग दर १२,००० किलोमीटरला. आणि कॅम फिरवायला टायमिंग चेन नाही, रबरी बेल्ट आहेत, ते २४,००० किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते. हे "जे आधी होईल ते" सेकंड हँड घेणारा विसरतो. मीटरवर नऊ हजार बघून खूश होतो आणि बेल्ट सात वर्षांचा असतो.

मी घेतली तेव्हा नागपुरात डुकाटीचं सर्व्हिस सेंटर नव्हतं. जवळचं म्हणजे हैदराबाद, साधारण पाचशे किलोमीटर, पण रस्ता सरळ एनएच ४४, जाम, हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, पहाटे निघालं की दुपारच्या बिर्याणीला पोचतो. त्यामुळे मोठी सर्व्हिस म्हणजे माझी वर्षाची ट्रिप आणि मला त्याचा त्रास वाटत नाही, पण ज्याला वाटेल त्याने ही गाडी घेऊच नये, एवढं साधं आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, चेन हे सगळं इथेच सदरकडे एका मेकॅनिककडे करतो. हात चांगला आहे त्याचा आणि मुख्य म्हणजे जे येत नाही ते सरळ सांगतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, ऑइल मी बदलून देतो, पण ते झडपांचं काम मले सांगू नका." असा मेकॅनिक मिळाला की सोडायचा नाही.

उन्हाळ्याबद्दल आता. एअर कूल्ड इंजिनला हवा लागते आणि हवा मिळते चालत्या गाडीला. मे महिन्यात दुपारी दीड वाजता व्हरायटी चौकात थांबलात तर मागचा सिलिंडर सीटच्या बरोबर खाली आणि एक्झॉस्टचा पाइप उजव्या पायाजवळ, वरून ४५ डिग्री, खालून सिमेंट रोडची वाफ. कोणतीही मोठी एअर कूल्ड ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरवाली, घ्या, हेच होणार, डुकाटीचा काही खास दोष नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, कुठे हिरवी नेट लावतात, ते मला वाटतं असल्या गाडीवाल्यांसाठीच. मी तर सरळ नियम केलाय, एप्रिल ते पहिला पाऊस, सकाळी आठच्या आत नाहीतर रात्री. सिग्नल लांब दिसला की इंजिन बंद. रायडिंग जीन्स जाड घ्या, शॉर्ट्सवर फुटाळ्याला चक्कर मारायची हौस असेल तर पोटरी भाजेल, आधीच सांगून ठेवतो.

पेट्रोल ९५ ऑक्टेन टाकतो, एक्सपी ९५ नाहीतर पॉवर ९५ जे मिळेल ते. इथेनॉलची भीती सगळे घालतात. अमेरिकेत जुन्या काही डुकाटींच्या प्लास्टिकच्या टाक्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने फुगल्या आणि त्यावरून कोर्टकचेरी झाली हे खरं आहे, पण स्क्रॅम्बलरची टाकी स्टीलची आहे, तिला फुगायचा प्रश्न नाही, तिला भीती गंजाची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, काठोकाठ भरून ठेवा. टाकी १३.५ लिटरची, मला हायवेला वीस-बावीसचं ॲव्हरेज पडतं. आणि या पिढीला फ्युएल गेज नाही! गिअर इंडिकेटर पण नाही. दोन्ही २०१९ मध्ये दिले. मी ट्रिप मीटर शून्य करतो आणि दोनशेच्या आत पंप शोधतो. चिखलदऱ्याला जाताना अमरावतीत टाकी भरून घ्यायची हे एकदा ठरवलं की झालं.

दिसण्याबद्दल काय लिहू, माणूस इटालियन गाडी घेतो तोच मुळात त्यासाठी. १९६२ मध्ये डुकाटीने अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी सिंगल सिलिंडरची स्क्रॅम्बलर काढली होती, ती १९७४ पर्यंत चालली, ही त्या नावावर २०१५ ला आलेली. टाकीच्या झाकणावर "बॉर्न फ्री १९६२" कोरलेलं आहे, थोडं नाटकी आहे पण मला आवडतं. टाकीच्या बाजूचे ॲल्युमिनियमचे पत्रे स्क्रू काढून बदलता येतात, म्हणजे ओरखडा पडला तर पूर्ण टाकी रंगवायची गरज नाही, हे खरं डोकं. ट्रेलिस फ्रेम उघडी, इंजिनवरच्या कूलिंग फिन्स उघड्या, कुठे प्लास्टिकने झाकायची घाई नाही. आता लोक म्हणतील इटालियन डिझाइन म्हणजे डुकाटीचीच ९१६, मस्सिमो तंबुरिनीची, १९९४ ची, सीटखालून निघालेले दोन सायलेन्सर आणि मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं, तर हो, त्याच्यापुढे स्क्रॅम्बलर म्हणजे साधी कॉलेजची पोरगी. पण ९१६ वर बसून सीताबर्डीत भाजी आणता येत नाही, कंबर जाते. स्क्रॅम्बलरची सीट ७९० मिलिमीटर, हँडल रुंद, वजन १८६ किलो, साडेपाच फुटी माणसाचे दोन्ही पाय टेकतात, मी तिच्यावरून कॉटन मार्केटातून संत्र्याची पेटी आणलेली आहे. एकच गोष्ट कधी पटली नाही, मागे नंबर प्लेट लटकवलेला तो लांब दांडा. बाकी सगळं इतकं निगुतीने केलं आणि तिथे येऊन कोणीतरी जेवायला निघून गेलं असं वाटतं.

चालवायला मजा कुठे येते तर तीन ते सहा हजार आरपीएममध्ये. ६८ न्यूटन मीटरचा टॉर्क आहे आणि तो तिथेच मिळतो, मनसर सोडलं, देवलापार गेलं, खवासाच्या पुढे शिवनीकडचा जंगलातला पट्टा लागतो तिथे खालून जनावरं जायला पूल बांधलेत आणि बाजूला भिंती आहेत, त्या भिंतींच्या मधून या एल-ट्विनचा, म्हणजे एल आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरांचा, आवाज परत येतो तेव्हा हेल्मेटमध्ये हसू येतं. ११० च्या वर छातीवर वारा येतो, त्यामुळे ९०-१०० हीच तिची चाल. ब्रेक समोर एकच डिस्क पण ३३० मिलिमीटरची, रेडियल ब्रेम्बो, पुरून उरते. मागचं सस्पेन्शन कडक आहे, हे जगभरच्या टेस्टमध्ये लिहून झालंय, आणि नागपुरात सिमेंट रोड संपून डांबरी लागतो तिथे जी पायरी असते ती या गाडीला बरोबर कळते. प्रीलोड म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी करून ठेवा, थोडा फरक पडतो. समृद्धी महामार्गाचं विचारू नका, तिथे दुचाकीला बंदी आहे, डुकाटी असली तरी आपण दुचाकीच.

आता टायर. यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

कंपनीतून पिरेली एमटी ६० आरएस येतात, पुढे ११०/८० आर १८, मागे १८०/५५ आर १७. नक्षी बघून वाटतं की चिखलात घालावी, पण हा मनाने रोडचाच टायर आहे, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर चालतो, त्याच्या पुढे नाही. कोरड्या रोडवर पकड मस्त, वळणात झुकते गोड, दिसतो तर असा की या गाडीला दुसरा टायर लावला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पण नागपुरात वळणं आहेत कुठे? सेमिनरी हिल्सची चार वळणं आणि मग थेट चिखलदरा. मधलं सगळं सरळ. त्यात अर्धं शहर सिमेंट रोडचं, त्या रोडला आडव्या रेघा पाडलेल्या, भर उन्हात तो रेघांचा सिमेंट टायरचा मधला पट्टा किसणीसारखा किसतो. आठ-दहा हजारांत मागचा टायर मधून सपाट होतो आणि कडेला अजून नव्या टायरचे केस असतात. सपाट झालेल्या टायरचं वाईट हे की गाडी सरळ जाते तोवर कळत नाही, वळणात झुकवायला गेलं की त्या काठावर अडते आणि मग एकदम आत झुकते. पुष्कळ लोक याला सस्पेन्शनचा दोष समजतात आणि फोर्क ऑइल बदलत बसतात.

म्हणून मागच्याला माझं मत सरळ आहे, नागपूरचा माणूस असाल तर ड्युअल कंपाउंड टायर घ्या, मध्ये कडक रबर आणि कडेला मऊ. मिशेलिनच्या रोड सिरीजमध्ये, पिरेलीच्या एंजल जीटीमध्ये हे असतं. १८०/५५ १७ हे माप सगळ्या मोठ्या गाड्यांचं असल्यामुळे चॉइस भरपूर आहे. पंचाईत पुढच्याची. रेडियलमध्ये, म्हणजे आतले धागे सरळ आडवे असलेल्या बांधणीत, ११०/८० १८ दुकानात पडलेला नसतो, मागवावा लागतो. इथे कोणीतरी हमखास सांगतो, "भाऊ, एनफिल्डच्या इंटरसेप्टरचा लाव ना, तो पण अठराचाच." रिम अठराचा आहे म्हणून बसेल हो, पण तो १००/९०, माप वेगळं, आणि समोर वेगळ्या बांधणीचा आणि मागे रेडियल असं मिक्स करून गाडी ११० ला काय करेल ते बघायची मला हौस नाही. एबीएसचा सेन्सर पण चाकाच्या घेरावरच हिशेब करतो. पुढचा-मागचा एकाच कंपनीचा, एकाच सिरीजचा जोड घ्या, थांबावं लागलं तरी थांबा.

थांबण्यातही गंमत आहे. मी एकदा ऑनलाइन मागवला, नाव घेत नाही, पॅकिंग सुंदर, टायर चकचकीत, आणि बाजूला डीओटीचे, म्हणजे टायरवर छापलेल्या कोडचे, शेवटचे चार आकडे बघितले तर टायर चार वर्षं जुना. २३२२ असं लिहिलं असेल तर २०२२ चा तेविसावा आठवडा, एवढं सोपं आहे, पण बघतं कोण. परत घ्यायला त्यांनी इतका घोळ घातला की शेवटी फोनवर आवाज चढवावा लागला. न वापरलेला टायर गोडाऊनमध्ये पण म्हातारा होतो, आणि विदर्भातलं पत्र्याचं गोडाऊन म्हणजे मे महिन्यात भट्टीच, त्यामुळे मी दोन वर्षांच्या वरचा घेत नाही, कितीही डिस्काउंट असो.

बसवायचं वेगळंच. शहरातल्या एका टायरच्या दुकानात, जिथे कारचे टायर जोरात चालतात, त्यांनी पहारीसारखी टायर लिव्हर घातली आणि रिमच्या काठावर असा ओरखडा काढला की मला तिथेच घाम फुटला. वर म्हणे, "भैया, दिखता नहीं है." चाक ठेवलं पण डिस्क खाली करून! डिस्क वाकडी झाली की ब्रेक लावताना लिव्हर थरथरतो आणि मग नवीन डिस्क. तेव्हापासून आधी जाऊन मशीन बघतो, जबड्याला प्लास्टिकचे गार्ड आहेत का, मोटरसायकलच्या चाकाचं बॅलन्सिंग करतात का, आणि नसेल तर गाडी न देता परत येतो. बरं, चाक मी घरीच काढतो, पॅडॉक स्टँड आणि टॉर्क रेंच घेतलाय, नुसतं चाक स्कूटीवर घालून नेतो, गाडीला दुसऱ्याचा हात लागतच नाही.

हवेबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला लागतं. प्रेशर मॅन्युअलमध्ये दिलंय तेच ठेवा, पण मोजायचं सकाळी, टायर थंड असताना. तापमान दहा डिग्री वाढलं की दीडेक पीएसआय आपोआप चढतो, म्हणजे दुपारी वर्धा रोडवरून तापून आलात आणि पंपावर मोजलं तर पाच-सहा जास्त दाखवेल, मग पंपावरचा पोरगा हवा काढतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही कमी हवेवर निघता. उलट ते जास्तच धोक्याचं, कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. घरी छोटा डिजिटल गेज ठेवा, तीन-चारशे रुपयांची वस्तू आहे. आयकॉनला अलॉय व्हील असल्यामुळे टायर ट्यूबलेस, सीटखाली पंक्चरची किट आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप बसतो, तो असलाच पाहिजे, कारण रात्री कोंढाळीच्या पुढे पंक्चर झालं तर दुकानदार १८० चा टायर बघून हात जोडतो.

पावसाळ्यात एमटी ६० ओल्या डांबरावर बरा आहे, घाबरवत नाही. पण उमरेडकडे ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती रोडवर येते, तिच्यावर पिरेली काय आणि मिशेलिन काय, नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे वीसच्या स्पीडने, दोन्ही पाय सैल, आणि देवाचं नाव.

ज्याला इटालियन पाहिजे पण हैदराबादची वारी नको त्याने बारामतीकडे बघावं. गंमत नाही, ॲप्रिलिया आरएस ४५७ बारामतीत बनते, डिसेंबर २०२३ ला ४.१० लाख एक्स-शोरूमला आली, मग त्यावरची नेकेड ट्युओनो ४५७ फेब्रुवारी २०२५ ला ३.९५ ला. इटलीतल्या नोआलेची कंपनी, पियाजिओच्या घरातली, ४७ च्या वर हॉर्सपॉवर, पॅरलल ट्विन, लिक्विड कूल्ड, टायर टीव्हीएस युरोग्रिपचे ११०/७० आणि १५०/६०, दोन्ही १७ चे, म्हणजे टायरची माझ्यासारखी वणवण नाही. मित्राची चालवली, इंजिन वर फिरवायला वेड लावतं. पण खाली, माझ्या एल-ट्विनसारखं गडगडत ढकलत नाही. वय पंचविशीचं असतं तर तीच घेतली असती.

जुनी स्क्रॅम्बलर बघायला जाणार असाल तर बेल्टची तारीख बिलासकट मागा, तोंडी नको. दोन्ही चाव्या घ्या. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आणि इथला टॅक्स धरूनच किंमत बोला, नाहीतर स्वस्त पडली पडली म्हणता म्हणता एमएच ३१ ची प्लेट लागेपर्यंत महाग पडते. आणि विकणारा म्हणाला "सर, टायर तर नवाच आहे" की खाली बसून ते चार आकडे वाचा. माझा मागचा टायर आता परत सपाट झालाय, ऑर्डर दिली आहे, दुकानदार पंधरा दिवस म्हणतो म्हणजे महिना धरा, तोवर बायकोची ॲक्टिव्हा.